परात पुढं होती का?

"या परातीला गेल्या वर्षभरात किती वेळा हात लागला, सांग," अरविंदनं विचारलं.

आक्का कॉटवर बसून तांदूळ निवडत होती. तिनं ताटातून मान वर काढली नाही.

"आत्ता तू लावलास की," ती म्हणाली.

मी दारात उभी होते. हसू आलं ते गिळलं, कारण माझा नवरा त्या दिवशी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हता. (कागदोपत्री ते अरविंदराव, घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण इथं लिहिताना नुसता अरविंद लिहिणार आहे. या वयात तेवढी सूट मी घेते.) आदल्याच दिवशी तो पाचगणीहून 'मोकळं घर, मोकळं मन' नावाचं शिबिर करून आला होता. नोकरीतून निवृत्त होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि निवृत्त माणसाच्या हाती नवा विचार लागला की घरातल्यांनी सावध राहावं.

शिबिर घेणाऱ्या सरांकडे म्हणे अंगावरचे धरून सातच कपडे होते. "ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही ती वस्तू आपली नव्हे," असं ते सांगायचे. अरविंद तिथून सरांच्या पुस्तकांचा जाडजूड संच, भिंतीवर लावायची 'जे नको ते जाऊ द्या' अशी लाकडी पाटी आणि वस्तूंची वर्गवारी करण्यासाठी झाकणाचे मोठमोठे प्लास्टिकचे डबे घेऊन आला. अडगळ काढायची म्हणून घरात पहिल्यांदा आलं ते एवढं सामान. ते ठेवायला जागा सापडेना, म्हणून त्याची नजर आक्काच्या खोलीकडे वळली.

आक्का म्हणजे माझी सासू. कऱ्हाडच्या आमच्या घरातली मागची खोली तिची. खोलीत एक कॉट, एक ट्रंक आणि उरलेल्या सगळ्या जागेत भांडी. फळीवर पातेली आणि तपेली, कोपऱ्यात तांब्याचा बंब आणि घंगाळ, कॉटखाली कळशा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली ती पितळी परात. दोन बायकांनी धरल्याशिवाय उचलायची नाही, एवढी मोठी. सगळी भांडी तिच्या माहेरून आलेली. प्रत्येकाच्या काठावर टिंबाटिंबांनी ठोकून घातलेलं नाव: सौ. चंपावती दिनकर तांबवेकर.

केटरर नावाचा प्राणी आमच्या भागात येण्याआधी पेठेतलं एकही कार्य या भांड्यांशिवाय झालं नव्हतं. लग्न ठरलं की मुलीची आई आधी पत्रिका देवाला ठेवायची आणि मग आमच्या दारात यायची. "आक्का, परात लागेल हो." लग्नाच्या अक्षता तिच्यात कालवायच्या. तांदळाला कुंकू चोळून चोळून परातीच्या तळाला एक लालसर झाक आली होती, ती कधीच गेली नाही. काठाला एक पोचा होता. तोही कुठल्या तरी मुंजीतला.

आक्का भांडी द्यायची, पण स्वतः कार्याला जायची नाही. गुडघे दुखतात म्हणायची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तिचे गुडघे चांगले ठणठणीत होते, तरी तेच सांगायची. मला वाटायचं, असतो एकेकीचा स्वभाव. मी लग्नाहून परत आले की मला चहा द्यायची आणि विचारायची, "परात कुठं ठेवली होती गं? पुढं होती का?" नवरी कशी दिसत होती, साड्या कशा होत्या, जेवायला काय होतं, हे तिनं मला कधी विचारलं नाही.

"हल्ली कोण नेतं ही भांडी?" अरविंद म्हणाला. "केटरर स्वतःचं घेऊन येतात. ही नुसती जागा अडवून बसलीत."

"मी पण जागा अडवूनच बसलेय," आक्का म्हणाली.

"तसं नाही म्हणत मी."

"म्हणत नाहीस, ते बरंय."

"अहो, अडगळ काढायचीच तर जिन्याखाली तुमची लूना आहे," मी म्हणाले. "ती सुरू होऊन किती वर्षं झाली?"

"लूनाची गोष्ट वेगळी आहे. तिच्याशी आठवणी जोडलेल्या आहेत."

आक्कानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मग त्यानं मनाच्या अडगळीचा विषय काढला. शिबिरात म्हणे सगळ्यांनी मनात साठलेला जुना राग कागदावर लिहिला होता आणि मैदानात शेकोटी करून ते कागद जाळले होते. अरविंदनं आक्काच्या हातात एक कोरा कागद आणि पेन दिलं. "ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव लिही, आक्का. जाळून टाकू. एकदम हलकं वाटतं."

आक्कानं कागद उलटसुलट करून पाहिला. "वन्सं अजून जिवंत आहेत रे," ती म्हणाली. "आत्तापासून कशाला जाळायच्या?" आणि त्या कागदावर तिनं तांदळातले खडे काढून ठेवले.

वन्सं म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, वेणूताई. आक्काहून वयानं थोड्या लहान, पण मानानं कायम मोठ्या. राहायच्या साताऱ्याला, आणि तिथून आमच्या घराचे नियम ठरवायच्या. सासरे गेले तेव्हा आक्का पस्तिशीत होती आणि अरविंद शाळेत. त्या काळाबद्दल आक्का फारसं बोलायची नाही. मीही विचारलं नव्हतं.

चार दिवस अरविंद रोज दारात येऊन उभा राहायचा. शेवटी आक्काच म्हणाली, "भांडी गेली तर खोली माझी राहील ना?"

"खोली तुझीच आहे. भांडी गेली की ऐसपैस होईल बघ."

"शब्द?"

"शब्द."

"मग ने. पण मोडीत घालायची नाहीत. जिथं लग्नंमुंजी होतात अशा ठिकाणी दे."

नदीपलीकडच्या नव्या कॉलनीत एक देऊळ झालं होतं. त्याच्या विश्वस्तांनी गावातल्या कार्यांना भांडी द्यायची सोय केली होती. अरविंदनं तिथं द्यायचं ठरवलं. न्यायच्या आदल्या दुपारी आक्का मोरीत बसून परात चिंचेनं घासत होती. गुडघे आता खरंच दुखत होते, तरी ती मला हात लावू देईना.

"द्यायचीच आहे ना? मग घासतेस कशाला?" अरविंद म्हणाला.

"मुलगी सासरी जाताना तिला न्हाऊ घालत नाहीत का?" आक्का म्हणाली, आणि पोच्यातला काळपटपणा अंगठ्यानं काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि सगळं घेऊन गेला. देताना नजर खाली असावी आणि तोंड बंद असावं, अशी सरांची शिकवण होती. त्यामुळे अरविंदनं देवळात भांडी उतरवली, मान खाली घालून हात जोडले आणि फक्त नाव सांगून परत आला. आल्यावर मात्र तासभर त्या मौनाबद्दल बोलत होता.

मग तो मागच्या खोलीत जाऊन मधोमध उभा राहिला. चारही भिंती दिसत होत्या. फळीवर पातेल्यांच्या गोल खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

"आता दिसली खोली!" तो म्हणाला. तिथंच मला धोका कळायला हवा होता. दोन दिवसांनी त्यानं जाहीर केलं की सरांच्या मते प्रत्येक घरात एक तरी खोली पूर्ण रिकामी हवी. तिथं फक्त बसायचं. बसून काही करायचं नाही.

"आणि माझी कॉट?" आक्कानं विचारलं.

"हॉलमध्ये ठेवू. टीव्ही समोर आहे. माणसांत राहशील."

"तू शब्द दिला होतास."

"खोली तुझीच गं. दिवसा येऊन बस ना ध्यानाला."

मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. जी काही उरली होती ती. मग बाहेर येऊन त्याला सरळ सांगितलं, "आईचा अंथरुणापुरता कोपरा काढून घेऊन तुम्ही कसलं ध्यान करणार आहात?" तो म्हणाला, "तुला नाही कळणार, ही आसक्ती आहे." मी म्हणाले, "मला चांगलं कळतंय कुणाची ते." दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. त्याला ते मौन मात्र मानवलं नाही.

आक्का भांडली नाही. एवढंच म्हणाली, "माझं सहस्रचंद्रदर्शन होऊ दे. मग हलव कॉट." तिला एक्क्याऐंशी लागलं होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला ओवाळतात, तो सोहळा महिन्यावर आला होता. अरविंदनं ते लगेच मान्य केलं. त्याच्या दृष्टीनं तारीख मिळाली होती. त्या दिवसापासून आक्का संध्याकाळी खोलीचं दार लोटून आत एकटीच बसायला लागली. मी चहा घेऊन गेले की ती भिंतीवरून हात फिरवत असायची. मला ते बघवायचं नाही.

सोहळा एका छोट्या कार्यालयात ठरला. पत्रिका छापायच्या नाहीत, कारण कागद साठतो. आहेर नको, कारण वस्तू साठतात. अरविंदनं सगळ्यांना फोनवर सांगितलं, "रविवारी जेवायला या, घरचं कार्य आहे." देवळाचे विश्वस्त नाना वाळिंबे यांनाही त्यानं असंच बोलावलं होतं. भांडी दिल्याबद्दल नाना त्याला शाल घालणार आणि मग तो मोकळ्या घराविषयी चार शब्द बोलणार, असा त्याचा बेत होता. ते चार शब्द तो आठवडाभर आरशासमोर बोलत होता. आईच्या सोहळ्यात हे कशाला, असं मी विचारल्यावर म्हणाला, "प्रेरणा मिळते लोकांना."

रविवारी आक्काला मी मोतिया रंगाची रेशमी साडी नेसवली. ती पाटाशेजारच्या खुर्चीत बसली होती आणि वाकून नमस्कार करणाऱ्यांना ओळखायचा प्रयत्न करत होती. वेणूवन्सं पहिल्या रांगेत मधोमध बसल्या होत्या. मी आतल्या खोलीत कणकेचे दिवे लावायला घेतले. वयाइतके दिवे, म्हणजे ताटात मावणारे नव्हेत. मी केटररला मोठी परात मागितली. त्याच्या दोन बायका ती उचलून घेऊन आल्या आणि मी काठाचा पोचा ओळखला.

"ही कुठून आणलीत?"

"देवळातनं, वहिनी. मोठी भांडी आम्ही तिथनंच घेतो."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. आक्काची परात आक्काच्याच सोहळ्याला आली होती, कुणी न बोलावता. मी घाईघाईनं तांदूळ पसरले, त्यावर दिवे मांडले, वाती लावल्या. काठावरची अक्षरं वाचायला कुणाला वेळ होता? अरविंदच्या चुलतबहिणीनं एका बाजूनं धरली, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आम्ही ती उजेडानं भरलेली परात आक्कासमोरच्या चौरंगावर आणून ठेवली.

"आक्का, बघा तरी कोण आलंय," मी म्हणाले.

आक्कानं बघितलं. तिचा चेहरा असा फुलला की तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. तिनं हात पुढं केला आणि सवयीनं काठावरून बोट फिरवलं, नावाची टिंबं चाचपत. 'सौ.'च्या आधी बोट अडखळलं. तिथं नवीन काहीतरी होतं, मशीननं कोरलेलं, चकचकीत. मोतीबिंदू काढल्यापासून आक्काला बारीक अक्षरही स्वच्छ दिसायचं. ती पुढं वाकली आणि दिव्यांच्या उजेडात मोठ्यानं वाचू लागली.

"कै. सौ. चंपावती दिनकर तांबवेकर... यांचे स्मरणार्थ."

मागं कुणाची तरी वाटी पडली.

आक्कानं अरविंदकडे पाहिलं. "अरू," ती म्हणाली, "मी कधी गेले रे?"

अरविंदच्या हातात त्याच्या चार शब्दांचा कागद होता. तो घडी घालायला लागला. शेजारी नाना वाळिंबे शाल घेऊन उभे होते. ते आक्काकडे, मग परातीकडे, मग पुन्हा आक्काकडे बघत होते.

"म्हणजे... याच का त्या?" नाना म्हणाले.

"याच कशाला? एकच आहे ती!" अरविंद ओरडला. "तुम्हाला कुणी सांगितलं माझी आई गेली म्हणून?"

"सांगायला कशाला हवं?" आता नानांचाही आवाज चढला. "अहो, माणूस गेल्याशिवाय भांडी देतं कोण देवळात? आजवर जी आली ती सगळी कुणाच्या ना कुणाच्या मागंच आली. जुनी भांडी, त्यावर म्हाताऱ्या बाईचं नाव, आणून देणारा मुलगा. त्यात तुमची मान खाली, तोंडातून शब्द फुटेना. मला भडभडून आलं. मशीनवाल्याला म्हटलं, लगेच घाल बाबा. मी तर तेराव्याच्या बोलावण्याची वाटही बघितली. आलं नाही म्हणून थोडा रागच होता तुमच्यावर."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. मला हसू की रडू ते कळेना. अरविंद पांढरा पडला होता.

वेणूवन्सं उठून उभ्या राहिल्या. "अपशकुन! अरे, उचला ती परात आधी. जिवंत बाईला कुणी मेलेल्या बाईच्या परातीतून ओवाळतं का? आणि हे 'सौ.' काय कोरून ठेवलंय? माझा दिनू जाऊन किती वर्षं झाली. ही सौ. कुठून आली?"

"ते 'सौ.' पहिल्यापासूनचं आहे, वन्सं," आक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. "माझ्या वडिलांनी घातलेलं. बसा तुम्ही."

वन्सं बसल्या नाहीत.

"तुमच्या मंजूच्या लग्नाच्या अक्षता ह्याच परातीत कालवल्या होत्या. आठवतंय? परात न्यायला तुम्ही स्वतः आला होतात. हे जाऊन वर्ष झालं होतं. परात उचललीत आणि उंबऱ्यातून मला म्हणालात, 'चंपा, तू ये हो लग्नाला, पण मागं बस. अक्षता पडेपर्यंत पुढं येऊ नकोस.' आठवतंय?"

"तेव्हाची रीतच होती तशी," वन्सं म्हणाल्या.

"हो, रीत होती. मी आलेच नाही. त्यानंतर कुणाच्याच लग्नाला गेले नाही. परात मात्र पाठवत राहिले. तिच्यावर सौ. होतं ना. तिला कुणी मागं बस म्हणालं नाही."

एवढंच बोलून आक्कानं परातीचा काठ पदरानं पुसला. इतकी वर्षं ती मला चहा देऊन विचारत होती, परात पुढं होती का. मी उत्तर द्यायची, "होती हो, तिकडंच कुठंतरी," आणि साडी बदलायला निघून जायची.

अरविंद आईकडे बघत उभा होता. तो त्या वेळी शाळेत जाणारा मुलगा होता आणि मंजूच्या लग्नाचं जेवण जेवून आला होता.

"उज्ज्वला, ओवाळ," आक्का मला म्हणाली. "ह्यातच ओवाळ. दिवे विझायला लागलेत."

मी ओवाळलं. मग अरविंदच्या चुलतबहिणीनं, मग एकेकीनं. परात जड, म्हणून दोघी दोघींनी धरायची. शेवटी वेणूवन्सं पुढं आल्या. त्यांच्या बाजूनं परात हलत होती. ते वयामुळं की कशामुळं, ते मी बघायला गेले नाही. अरविंदचे चार शब्द राहून गेले. नाना शाल हातात घेऊन उभेच होते. शेवटी त्यांनी ती आक्काच्या खांद्यावर घातली, आणि एक अख्खं पान जेवून गेले.

रिक्षातून घरी येताना आक्कानं शाल खांद्यावर नीट ओढून घेतली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघितलंस? मेले ती मेले, पण सौभाग्यवती मेले. वन्संना आता काही केल्या हे जमायचं नाही." वन्संचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. हसू नये अशा गोष्टीवर आम्ही दोघी घर येईपर्यंत हसलो.

घरी आल्यावर अरविंद तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आक्का, मी उद्याच देवळात जातो. ते कै. घासून काढायला लावतो."

"काही नको. कै. राहू दे, आज ना उद्या खरंच व्हायचंय. फक्त 'सौ.'ला हात लावू नका म्हणावं."

"बरं," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "आणि ते... कॉटचं..."

"कॉट?" आक्का म्हणाली. "कॉट आता वर्षभर हलायची नाही. घरातलं माणूस गेलं की वर्षभर नवं काही करायचं नसतं. तुझे वडील गेले तेव्हा तुझ्या आत्यानं मला साधी खिडकी रंगवू दिली नव्हती. आता मी गेलेय. चार लोकांसमोर वाचून झालंय."

"अगं, पण तू जिवंत आहेस!"

"ते तू देवळाला पटव आधी. कोरलेलं आहे."

अरविंदनं माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी म्हटलं, "रीत आहे, काय करणार?" आणि चहा टाकायला गेले.

वर्ष झालं. अरविंद विसरला नव्हता. बरोबर वर्षानं त्यानं भीतभीत कॉटचा विषय काढला. आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. "पण माझं वर्षश्राद्ध कुठं झालंय अजून? ते झाल्याशिवाय वर्ष संपलं असं होत नाही. आणि मी समोर बसलेली असताना तू माझं श्राद्ध कसं करणार, ते तुझ्या सरांना विचार बाबा." सरांना त्यानं विचारलं नसावं. त्या सुमारास त्यानं गच्चीवर भाज्या लावायचं मनावर घेतलं होतं, आणि त्याच्या कुंड्या, मातीची पोती आणि झाऱ्या जिन्यातून वर चढत होत्या. 'जे नको ते जाऊ द्या' ही पाटी लूनाच्या सीटवर पडली होती. सरांच्या पुस्तकांचा संच त्या वर्गवारीच्या डब्यात बंद होता.

शिबिराचा लाभ खरा कुणाला झाला असेल तर आक्काला. सोहळ्यानंतर ती लग्नांना जायला लागली. पेठेतल्या, कॉलनीतल्या, बोलावणं असलेल्या, नुसत्या ओळखीच्या, सगळ्या. गुडघ्यांना पट्टे बांधायची, मला रिक्षा बोलवायला लावायची आणि पहिल्या रांगेत जाऊन बसायची. "गेलेल्या माणसाला कोण मागं बस म्हणणार?" असं म्हणायची. परात आलेली असली तर तिला लांबूनच ओळखायची, आणि अक्षता टाकताना हात अगदी उंच करून टाकायची. मंजूच्या नातीच्या लग्नाला तर ती आदल्या दिवशीच साताऱ्याला जाऊन राहिली.

पाच वर्षं ती अशी हिंडली. मग एका श्रावणात चार दिवस अंथरुणावर पडली आणि त्याच खोलीत गेली.

अरविंदनं वर्षभर काही हलवलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर कॉट एका गरजू कुटुंबाला दिली, ट्रंक आमच्या मुलीनं नेली, आणि खोली पूर्ण रिकामी झाली. त्याला पूर्वी हवी होती तशी. एका सकाळी तो आसन घेऊन आत गेला. मी कणीक मळत होते. ती मळून व्हायच्या आत तो बाहेर आला.

"काय झालं?"

"आवाज घुमतो," तो म्हणाला.

त्या दुपारी तो नदीपलीकडे गेला आणि नानांच्या हातापाया पडून परात घेऊन आला. देवळाची वस्तू परत देता येत नाही, पण घरी ठेवा आणि कार्य असेल तेव्हा पाठवा, असं नाना म्हणाले होते. त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली, पूर्वी असायची तिथं. तेव्हापासून तो सकाळी त्या खोलीत बसतो. ध्यान करतो की नुसता बसतो, ते मी विचारत नाही.

मधूनमधून नानांचा फोन येतो. "अरविंदराव, परवा लग्न आहे. परात लागेल." मग अरविंद चिंच भिजत घालतो, मोरीत बसतो आणि पोच्यातला काळपटपणा अंगठ्यानं काढतो. मी मदतीला गेले तर हात लावू देत नाही. टेम्पोवाल्याकडे परात देतो आणि लगेच नानांना फोन लावतो.

"पाठवलीय, नाना," तो म्हणतो. "अक्षता तिच्यातच कालवा. आणि मागं नका ठेवू तिला. पुढं ठेवा."